वाळे घट्ट झाले तवा

हरभरे भाजल्याचा वास आला का अजूनबी मले माह्या गंगीचे पाय दिसतात. अकोल्यात जुन्या शहरातलं आमचं घर, सपनातल्यावानी पिवळं ऊन, अन् दीड वर्साची पोरगी मांडीवर. मले दुसऱ्यांदा दिवस गेले म्हून मी तिचं दूध तोडलं होतं, निसती ज्वारीची पेज पाजत होती. तिच्या पायातले चांदीचे वाळे घट्ट झाले तं सासू किती खुश!

"बाळसं धरलं वं पोरीनं! दिष्ट काढ."

मीबी हासली. पण गंगी हासेच ना, खेळेच ना. वाळा सरकवाले बोट दाबलं, तं तिथं खड्डा पडला अन् तो भरूनच नाई राहिला.

"आत्याबाई, हे बाळसं नोहे वं, सूज हाय!"

तशीच अनवाणी पळाली मी दवाखान्यात.

डाक्टर म्हणे, "बरं झालं लवकर आणली. नुसत्या पेजेनं भागत नाही, बाई; अंगाला सत्त्व मिळत नाही, म्हणून ही सूज. डाळ दे, दूध दे, भाजल्या हरभऱ्याचं पीठ दुधात कालवून चार."

मंग घरात रोज हरभरे भाजले. एका सकाळी वाळा आपसूक गळून फरशीवर टण्णकन वाजला, अन् गंगी खुदकन हासली.

"रोडावली वं पोट्टी," सासू म्हणे.

मी म्हटलं, "रोडावू द्या."