एका अक्षराच्या दोन वह्या

"दोन्ही वह्यांत अक्षर एकच आहे," केंद्राचे सर म्हणाले. "कोणी कोणाचं उतरवलं?"

यवतमाळ. रविवारचा संपर्कवर्ग. तीस-पस्तीस जण बाकांवर. एम.ए. इतिहास, दूरशिक्षण. विद्यापीठ मोठं, नावाजलेलं. टपालानं पुस्तकं आली तेव्हा याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, पाकीट पदरानं पुसून कपाटात ठेवलं होतं.

पुढच्या बाकावर वहिनी होत्या. पांढरकवड्याला मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होते, त्या संस्थेच्या सचिवांची सून. सगळं कॉलेज त्यांना वहिनीच म्हणतं. त्या मागं वळल्याही नाहीत.

"सर, माझ्या वहीवर चहा सांडला, म्हणून तिला पुन्हा उतरवायला दिली होती. तिनं स्वतःचीही त्यावरूनच केलेली दिसते."

सरांना ते लगेच पटलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "नाहीतर तांड्यावरच्या पोरीला एवढं कुठून सुचणार?"

मागं कोणीतरी हसलं. माझ्यापुढं कोरा कागद आला. माफी लिहून दे म्हणाले.

चहा कुठंच सांडला नव्हता. वर्षभरापूर्वी सचिवसाहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, "तुहं अक्षर चांगलं हाय. वहिनीले घरचं पाहून वेळ भेटत नाही. त्यायचे स्वाध्याय तूच लिहून दे." माझी नोकरी कंत्राटी, दर वर्षी नव्यानं कागद. मी हो म्हटलं. पहिल्या सत्रात त्यांना चौऱ्याऐंशी मिळाले, मला एकसष्ट. हात एकच, डोकंही एकच.

गुण कळले त्या दिवशी मी जळले. खोटं कशाला बोलू? आधीही जळायचीच. त्यांच्या अभ्यासाच्या खोलीवर, कूलरवर, कधीच न उघडलेल्या त्यांच्या कोऱ्या पुस्तकांवर. पण गुणांवरचं जळणं वेगळं होतं. माझंच उत्तर त्यांच्या नावावर जास्त शहाणं ठरत होतं, आणि मी टेबलं पुसता पुसता त्यांना अभिनंदन म्हणत होते.

दुसऱ्या सत्रात प्रश्न आला जुन्या काळच्या व्यापाराचा. त्यात लदेणी. बैलांवर मीठ, धान्य लादून आमचे लोक मुलूखच्या मुलूख चालत, ती. पुस्तकात चार ओळी होत्या. आजोबांकडून ऐकलेलं माझ्याकडं पानभर होतं. ते मी माझ्या वहीत लिहिलं. वहिनींच्या वहीत बेताचं लिहायला हवं होतं. पण लदेणीचं थोडक्यात उरकायला हात धजला नाही. तिथंही सगळं लिहिलं. चूक झाली ती तिथंच; दोन वह्यांत तेच पान दिसलं म्हणून सरांनी अक्षर ताडून पाहिलं.

मी पेन उचललं. "मी माफी मागते की" इथवर लिहिलं. पुढं काय लिहायचं? माझ्या आजोबांचं मी वहिनींकडून चोरलं, असं?

मी उभी राहिले.

"वहिनी, तुमच्या उत्तरात घंटीचं लिहलं हाय. समोरच्याच बैलाले घंटी काहून बांधत, तेवढं सरले सांगा."

वहिनींनी सरांकडं पाहिलं. "सर, आता माझी तोंडी परीक्षा आहे का?"

"मी सांगते," मी म्हटलं. "अंधारात मांगच्या बैलायले वाट समजावी म्हनून. मह्या आज्यानं मले सांगतलं. दोन्ही वह्या म्याच लिहल्या. माफी लिहनार नाही."

वर्गात कोणी हसलं नाही. सर विषय वाढवू नको म्हणाले आणि वह्या मिटल्या.

माझा स्वाध्याय रद्द झाला, वहिनींचा मान्य. आठवड्यानं कॉलेजचा बाबू त्यांचे पुढच्या सत्राचे प्रश्न घेऊन आला. लिहून दे, नोकरी राहील, असा निरोप होता. मी ते कागद त्याच्याच हाती परत दिले. दुसऱ्या दिवशीपासून मला येऊ नको म्हणून सांगितलं.

आता मी तांड्यावरून अभ्यास करते. दिवसा कापूस वेचायला जाते. बुडालेल्या सत्राचा फॉर्म पुन्हा भरला आहे. वहिनींची पदवी माझ्याआधी येईल, तिथं मी काही करू शकत नाही. मग कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवायची जागा निघेल, ती त्यांच्यासाठीच काढलेली असेल, आणि मुलाखत घ्यायला त्यांचा सासराच बसलेला असेल.

मला तीच जागा पाहिजे. हेवा म्हणा, आहेच. माझी पदवी हातात येऊ द्या. जागा दर वर्षी नव्यानं भरतात. मी दर वर्षी अर्ज करीन.