अनवाणी उमरोळीला

आमच्या चाळीत रडणारं मूल कुणाचंही असो, त्याला गप्प करायचा मान गोजराबाईंचा होता. मी रंगमंचावर राण्या केल्या, सवती केल्या, मोलकरणी केल्या. पण एका हाकेत अख्खं थिएटर शांत करणं मला कधी जमलं नाही. गोजराबाई नुसतं "काय झालं रं माज्या राजाला" म्हणायच्या आणि झोळीतलं पोर हुंदका अर्धाच ठेवून ऐकत राहायचं.

गेल्या माघात त्या गेल्या. झोपेतच, कुणाला हाक न मारता. त्यांचा मुलगा मनीष परवा माझ्या दारात आला आणि म्हणाला, "मंदामावशी, आईचं काहीतरी लिहा. वर्षश्राद्धाला सगळे जमतील, तेव्हा वाचू." मी म्हटलं, "लिहीन. पण उमरोळीचं लिहिणार." तो हसला. त्या दिवशी तो हसला नव्हता.

गोजराबाई माण तालुक्यातल्या. लग्न होऊन भगवंतरावांच्या मागोमाग बोईसरला आल्या. भगवंतराव कापडाच्या कारखान्यात मागावर होते. पहिल्याच रविवारी त्यांनी बायकोला शिरगावचा समुद्र दाखवायला नेलं. दुष्काळी गावची ही बाई किनाऱ्यावर उभी राहून म्हणाली, "एवढं पाणी, आन् एक घोट प्यायचं न्हाई. काय उपेग?" भगवंतराव हे सगळ्यांना सांगायचे आणि दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखे हसायचे. ते लवकर गेले. गोजराबाईंनी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला उभं राहून मनीषला शिकवलं, तो रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर झाला, प्रतीक्षा सून म्हणून आली, विपुल झाला. विपुल शाळेत जायला लागला आणि घरातली झोळी रिकामी पडली.

रिकामी झोळी त्यांना बघवेना. आणि आमच्या चाळीत निम्म्या बाया शिफ्टला जाणाऱ्या. कुणाची आई नाशिकला, कुणाची सासू जळगावला. अशी एकेक मुलं गोजराबाईंकडे यायला लागली. त्यांची अट एकच. झोळी आईच्या नेसत्या लुगड्याची हवी, आणि तेही धुतलेलं नको. "आईचा वास आसला की प्वार समजतं, आई हितंच हाय," त्या म्हणायच्या. शेजारची अर्चना पॅकिंगला जाणारी, कायम पंजाबी ड्रेसमधली. तिने लेकीला, भाग्यश्रीला, पहिल्यांदा आणलं तेव्हा सोबत ओढणी आणली. गोजराबाईंनी ती उजेडात धरून बघितली. "ह्यात प्वार झोपवू का च्या गाळू?"

अर्चनाने मग लग्नातली एक साडी काढली आणि दोन रात्री ती अंगावर घेऊन झोपली.

भाग्यश्री तेव्हा आठ-नऊ महिन्यांची असेल. त्या आठवड्यात आमच्या भागात आपत्तीची रंगीत तालीम ठरली होती. एमआयडीसीत राहणाऱ्याला हे नवीन नाही. वायुगळती झाली असं समजायचं, भोंगा वाजतो, रुग्णवाहिका येतात, तोंडाला मुखवटे लावलेली माणसं धावतात आणि पाऊण तासात सगळं आटोपून चहा होतो. आठ दिवस आधी रिक्षातून पुकारा झाला होता. पण ते आठ दिवस गोजराबाई गावाच्या जत्रेला गेल्या होत्या. आदल्या रात्री उशिरा परतल्या. मला वाटलं प्रतीक्षाने सांगितलं असेल, प्रतीक्षाला वाटलं मी.

सकाळी अर्चना पोरीला सोडून पहिल्या शिफ्टला गेली. मनीषही पहिल्या शिफ्टला, विपुल शाळेत, प्रतीक्षा दवाखान्यात कामावर. भोंगा वाजला तेव्हा मी मैदानात होते. खोटं सांगत नाही, अशा कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत असते. चाळीतला दर्पण त्या दिवशी बेशुद्ध माणसाचं काम करत होता. तोंडाला साबणाचा फेस, गालांना निळसर रंग. आणि काय पडला होता पोरगा. एक हात अंगाखाली, डोळे अर्धे उघडे. मी मनात म्हटलं, ह्याला आधी कुणी का नाही हेरला.

हेच दृश्य गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गोजराबाईंनीही पाहिलं. हे मला नंतर कळलं.

तालीम संपली, दर्पण उठून वडापाव खायला गेला, मी घरी आले. गोजराबाईंचं दार सताड उघडं. गॅसवर दूध उतू जाऊन करपलेलं. झोळी रिकामी.

आधी वाटलं, दुकानात गेल्या असतील. मग दुकानं झाली, देऊळ झालं, प्रत्येक खोली झाली. त्यांचा मोबाइल उशीखाली वाजत होता. प्रतीक्षा धावत आली. अर्चनाचा फोन कंपनीच्या गेटवर लॉकरमध्ये. ती सुटेपर्यंत तिला काही कळणार नव्हतं. आणि खरं सांगते, कळू नये असंच आम्हाला वाटत होतं. ती येईपर्यंत पोर सापडावी.

नाही सापडली. बसमधून उतरून अर्चना नेहमीसारखी डबा हलवत आली आणि आमची तोंडं बघून थांबली. मनीषही पाठोपाठ पोहोचला. त्याला सांगितलं तसा तो पोलीस चौकीकडे गेला. अर्चना ओट्यावर बसून राहिली.  

तेवढ्यात शैलेश रिक्षावाला स्टँडवरून आला. "कोण म्हातारी शोधताय? बारकं पोर घेतलेली? ती मी सोडली ना उमरोलीला. मला बोलते, तू पन पल रे बाबा, जीव वाचव. मला वाटला डोक्यावर परिनाम हाय."

"मग सांगायचं नाही का कुणाला?" प्रतीक्षा म्हणाली.

"कोनाला सांगू? ती बोलली मागं कोनीच नाय उरला."

अर्चना आणि मी त्याच्याच रिक्षात बसलो. उमरोळीला गोजराबाईंच्या गावचा धर्माजी राहतो, तिथेच गेल्या असणार. बाकी त्यांचं तिकडे कुणी नाही. रस्ताभर अर्चना समोर बघत होती. रेल्वेचं फाटक आलं तेव्हा एकदाच बोलली. "मावशी, पोरगी नीट मिळाली तर मी नोकरी सोडते. परत कुणाकडे ठेवणार नाही. आजींकडे तर नाहीच."

धर्माजीच्या दाराला कुलूप होतं. समोरच्या मारुतीच्या देवळाच्या पायरीवर गोजराबाई बसलेल्या. पायात चपला नाहीत, केस सुटलेले. मांडीवर भाग्यश्री गाढ झोपलेली, तोंडावर ओला पदर धरलेला. बाजूला दुधाची बाटली, तिचं टोपडं आणि सर्दीचं औषध.

अर्चनाने पोर उचलली, छातीशी धरली, तिचे हात-पाय चाचपले. भाग्यश्रीने झोपमोड झाली म्हणून भोकाड पसरलं. इतकं सुरेल रडणं मी जन्मात ऐकलेलं नाही.

गोजराबाई माझ्याकडे बघत होत्या. अगदी हळू विचारलं, "मनीषला कुटं ठिवलाय?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. सकाळपासून ही बाई इथे बसली होती ती मुलगा कारखान्यात संपला असं धरून. नातू शाळेत वायूच्या तावडीत सापडला असेल की वाचला असेल ह्याचा विचार करत. आणि दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडावरचा पदर वाळला की देवळाच्या नळावर परत भिजवत.

"अहो गोजराबाई, सगळे ठीक आहेत. ती तालीम होती. खोटी होती."

"आन् दर्पण?"

"वडापाव खातोय."

 त्या पदरात तोंड घालून रडल्या, आणि रडतच म्हणाल्या, "मुडद्याला येऊ दे माज्यासमोर."

शैलेशला हसू आवरेना. त्याने तोंड फिरवलं. मीही हसले आणि रडलेही, दोन्ही एकाच वेळी. हे रंगमंचावर मागितलं असतं तर जमलं नसतं.

घरी मात्र मनीषने आवाज चढवला. "बास झालं आता, आई. उद्या काही झालं असतं तर कुणी भरून दिलं असतं? एकही पोर ठेवायचं नाही." गोजराबाईंनी मान हलवली. स्वतःच स्टुलावर चढून झोळी सोडली, साडीची घडी घातली आणि अर्चनाच्या दाराशी ठेवून आल्या. दोन दिवस अर्चना कामावर गेली नाही. दोन दिवस गोजराबाई बाहेर ओट्यावर आल्या नाहीत. विपुलशीही धड बोलल्या नाहीत. त्यांच्या घरातून कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दार झाडत होते. अर्चना गणवेशात, केस ओले, कडेवर भाग्यश्री, खांद्यावर ती साडी. सरळ गोजराबाईंच्या दारात.

"आजी, हिला धरा. माझी बस जाईल."

"न्हाई गं बाई. म्या येडी हाय. माजा भरवसा नगं धरू."

"वेड्या तर आहातच. वेड्यासारखं पळालात, पण तिचं औषध घेतलंत. तुमच्या चपला इथेच होत्या." अर्चनाने साडी मनीषच्या हातात दिली. त्याची त्या दिवशी सुट्टी होती, तो दात घासत बाहेर आला होता. "दादा, तेवढी झोळी बांधा. आजींना स्टुलावर चढवू नका."

मनीषच्या तोंडात फेस होता, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही. त्याने साडी धरली.

"आज तालीम न्हाई न्हवं?" गोजराबाईंनी विचारलं.

"नाही. आणि फोन कमरेला लावा."

अर्चना बससाठी पळाली. गोजराबाईंनी भाग्यश्रीला उजेडाकडे फिरवून निरखून बघितलं.

"हे काजळ घातलंय का भिंत सारवलीया?" त्या म्हणाल्या, आणि पदराच्या टोकाने तिचा गाल पुसायला लागल्या.