पाण्याखालचा नमस्कार

आधी अक्कांचं सांगते, मग समुद्राचं. हैदराबादच्या काचीगुड्यात त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सातवीत शाळा सुटली आणि मी परभणीकडून इथे आले, तेव्हा मशीनवर त्यांनीच बसवलं. अंदमानला त्या लेकीबरोबर जाणार होत्या. लेकीला सुट्टी मिळेना, तर मला म्हणाल्या, "चल गे, तू काय परकी आहेस?" खोल पाण्यात पोहणारं कासव एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची हौस.

मला तर पोहताही येत नाही. "जरूरत नहीं," समुद्रात खाली नेणारा प्रशिक्षक म्हणाला. त्याने खुणा शिकवल्या. बोटांचं गोल म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे वर चला. आणि श्वास कधीच रोखायचा नाही. मी मान डोलावली.

"गर्दन नहीं मॅडम, हाथ!"

"हैदराबादचं पाणी लागलंय तिला," अक्का हसल्या. "हौ म्हणायला पण मान, नक्को म्हणायला पण मान."

अक्कांचा हात घट्ट धरून मी खाली गेले. प्रवाळांच्या फटींतून बटणाएवढे निळे मासे येत-जात होते. फोटोसाठी प्रशिक्षकाने आमचे हात सोडवले, आणि तेवढ्यात माझ्या डोळे-नाक झाकणाऱ्या चष्म्यात पाणी शिरलं. नाकात गेलं. तोंडात हवेची नळी होती, तरी श्वास ओढवेना. गोल की अंगठा, काही आठवेना. माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले.

प्रशिक्षक खूश झाला. पाण्याखालचा नमस्कार! त्याने कॅमेरा आणखी जवळ आणला.

अक्का त्याच्या मागे होत्या, पाठ माझ्याकडे. खडकाआडून कासव निघालं होतं आणि त्या त्याच्याकडे निघाल्याच होत्या. मध्येच त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कासव तिथेच सोडून त्या आल्या. प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर अंगठा नाचवला, मग माझा तळवा पकडून त्यावर बोटं आपटायला लागल्या. खट-खट, खट-खट. पायमशीनचा ताल. दुकानात माझे हात कापायला लागले की त्या हेच करतात. त्या तालावर श्वास घेत, सोडत, प्रशिक्षकाने धरलेली मी हळूहळू वर आले.

होडीत तो गोंधळून म्हणाला, "मुझे लगा, पोज दे रही हैं."

"अय्यो, कसली पोज! गिऱ्हाईक ओरडलं की हीच पोज असते तिची," अक्का म्हणाल्या. कासवाचं नाव काढलं नाही. परत खालीही गेल्या नाहीत. माझा ओला हात मांडीवर घेऊन बसल्या.

आता मी अंबरपेठेतल्या तलावावर बायकांच्या वेळेत पोहायला शिकते. काठाचा दांडा अजून सुटत नाही, पाणी नाकाशी आलं की दुसरा हातही दांड्याकडे जातो. पण सुटेल. अक्का, तुम्हाला परत तिथे घेऊन जाईन. तुम्ही पोटभर कासव बघा. मागे वळायचं नाही. हात मी धरलेला असेल.