रावेरची दोन दारांची गाडी

पुण्याहून निघताना बायकोने विचारलं, खरंच घेणार आहेस का? मी म्हटलं, छे, बघायला काय जातं! जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या आम्हा फुकट्यांचं हे ठरलेलं वाक्य. रावेरला एक जुनी जर्मन कूपे (दोन दारांची ऐटबाज मोटार) विकायला असल्याची जाहिरात मोबाइलवर दिसली होती. मालक केळीचे बागाईतदार, सगळे त्यांना आबा म्हणतात. फोनवर मी सांगून बसलो, "आबा, गाडी माझीच समजा. रविवारी येतो." जिभेला हाड नसतं, दुसरं काय!

सकाळी जळगावला उतरून एसटी धरली. सावदा सोडल्यावर दोन्हीकडे केळीच केळी, मागे सातपुड्याची निळी रेघ. एक केळीचा ट्रक रस्त्यात आडवा झाला होता, तासभर खोळंबलो. शेजारच्या बाईंनी कुठे निघालात विचारलं. मी ऐटीत सांगितलं, गाडी घ्यायला.

आबा पंच्याहत्तरीचे. डोळ्यांनी दगा दिलेला, समोरचं माणूस सावलीसारखं दिसतं म्हणाले. शेडमध्ये गाडी उभी होती. गर्द निळी, आत लाकडी डॅशबोर्ड, कातडी सीटा. बॉनेटवर हळदकुंकू आणि स्टिअरिंगला झेंडूची माळ होती. मला वाटलं, यांच्याकडे काही सण असेल. मी धडाधड फोटो काढत सुटलो.

अक्कांनी, म्हणजे आबांच्या पत्नीने, भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी, उडीद, मीठ एकत्र दळून केलेली) वाढली. मी तीन हाणल्या. जेवताना आबा सांगत होते. धुळ्याचा एकजण गाडी वरातीसाठी भाड्याने फिरवायला मागत होता. गाडी चालवणाऱ्या शौकिनाच्याच हाती जावी ही आबांची इच्छा, म्हणून माझा फोन येताच त्याला नकार कळवला. त्याने दुसरी घेतलीसुद्धा.

"आमच्याकडे व्यापारी फोनवर 'कापा' म्हणतो, अन् आम्ही बाग कापतो. कापलेला घड काही झाडाले परत लागत नाही," आबा सहज म्हणाले. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. माळ आणि हळदकुंकू ही गाडीची पाठवणी होती.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मला ती चालवायची होती. आबांना शेजारी बसवून मी सातपुड्याच्या बाजूला तासभर भटकलो. ते इंजिनाचा आवाज ऐकत, पुढचं वळण अंदाजाने सांगत होते. एकदाही चुकले नाहीत.

परतलो तर अक्का ताटलीत किल्ली घेऊन दारात उभ्या. मग मी सुरू झालो. पत्रा खालून सडलाय, सुटे भाग मिळत नाहीत, घरी विचारावं लागेल. अर्ध्या तासापूर्वी याच गाडीची तारीफ करताना मला शब्द पुरत नव्हते. अक्कांनी ताटली आत नेली आणि कच्च्या केळ्यांची एक फणी आणून माझ्या पिशवीत ठेवली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, तरी मी फणी घेतली आणि निघालो.

पुण्यात मित्रांनी फोटोंचं तोंडभरून कौतुक केलं. चौथ्या दिवशी केळी पिकली, घरभर वास सुटला. मला एकही खाववेना. शेवटी फोन लावला.

"आबा, मी गाडी घ्यायला आलोच नव्हतो."

"मले समजलं व्हतं. घेणारा माणूस आधी बॉनेट उघडतो. मी त्या आवाजाची वाट पाहत व्हतो. कॅमेऱ्याचाच आला."

मग चालवायला का दिलीत, मी कसंबसं विचारलं.

"दारी आलेल्या पाहुण्याले खोटा कसं म्हणू? अन् मलेबी एकदा बसायचं व्हतं तिच्यात." मग त्यांनीच विचारलं, "केळी पिकली का?"