कोपऱ्यातली चिमणी

निलंग्याच्या खाजामियाँच्या घरात कागद कधी वाया गेला नाही. लग्नाचे सेहरे, ताबुतांची जाळी, गणपतीच्या मखराची फुलं, सगळं एकाच ओसरीवर कापलं जायचं. कुणाचा देव कुठला, याची चौकशी त्या कात्रीनं कधी केली नाही. त्यांची थोरली लेक साबेरा. हिच्या हातात पेन्सिल यायच्या आधी कात्री आली. डी.एड. होऊन ती जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, तेव्हा खाजामियाँ चौकात भेटेल त्याला सांगत सुटले, "हमारी कैंची को सरकारी नोकरी लगी!"

शाळा हरणवाडीची. निलंग्याहून फाट्यापर्यंत एसटी, पुढं पायी. पहिली-दुसरीचा वर्ग म्हणजे शेणानं सारवलेली एक खोली, एक फळा आणि फळ्याच्या वर कुण्या जुन्या मास्तरानं रंगवलेलं 'शांतता राखा'. साबेरानं पहिल्याच महिन्यात ते पुसून टाकलं. तिथं पाढ्यांची आगगाडी आली, एकेका डब्यात एकेक पाढा. काडेपेट्यांचं गाव झालं, मोजायला सोड्याच्या बाटल्यांची बुचं आली. ज्याचा वाढदिवस त्याला पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट. आता बहुतेकांना आपला वाढदिवस ठाऊकच नव्हता. मग बाईनं कायदा केला, की ज्याला ठाऊक नाही त्यानं आपल्याला आवडेल तो दिवस मागून घ्यायचा. ग्यानोबाच्या सिंधुनं बैलपोळा मागितला. का, तर त्या दिवशी घरी पुरणपोळी असते आणि बैलाला पण झूल असते. पोर लई चलाख होती.

वरच्या वर्गांचे भीमाशंकर गुरुजी गावातच खोली करून राहायचे. ते दारात उभे राहून चिडवायचे, "बाई, शाळा आहे का लग्नाचा मांडव?"

"मांडवात पोरं पळत येतात गुरुजी. तुमच्या वर्गातून पळून जातात. काय बरं, तुम्हीच सांगा."

गुरुजी हसायचे आणि जाता जाता एखादं बूच खिशातून काढून तिच्या डब्यात टाकायचे.

मग ती पहाट आली. रात्री गणपती बोळवून गाव निवांत झोपलं होतं. दगडामातीच्या भिंती, डोक्यावर माळवदाचं ओझं. जमीन हादरली आणि बघता बघता सगळं खाली बसलं. निलंग्यातही भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली, पण घरं उभी राहिली. साबेरा दुसऱ्या दिवशी हरणवाडीत पोचली तोवर चिता पेटून विझत आल्या होत्या. भीमाशंकर गुरुजी गेले होते. तिच्या वर्गातली निम्मी पोरं गेली होती. जी राहिली ती कुणाच्या तरी मांडीवर गप्प बसलेली होती, आणि बाईला बघून एकही उठलं नाही. साबेरा शाळेच्या ढिगाऱ्याकडे गेलीच नाही. ती वावराच्या बांधावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

सिंधु सापडली होती आदल्या संध्याकाळी, दिवसभर दगडाखाली राहून. तिच्या शेजारीच तिची आई होती आणि तान्हा भाऊ होता. दोघं थंड होऊन पडलेले, आणि ही जिवंत. बाहेर काढल्यावर पोर रडली नाही, पाणी मागितलं नाही. फक्त वर आभाळाकडं बघत राहिली.

गावानं माळावर पत्र्याची शेडं टाकली. शाळेलाही एक शेड मिळालं, एका दाराचं. पण पोरं आत येईनात. दाराशी घुटमळायची आणि बाहेरच्या बाभळीखाली जाऊन बसायची. साबेरा म्हणाली, ठीक आहे, बाभळीखाली तर बाभळीखाली. हळूहळू एकेक आत आलं. थंडी पडल्यावर उरलेली आली. राहिली एकटी सिंधु. ती उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथं पाय मुडपून बसायची. पाऊल काही आत पडायचं नाही.

ग्यानोबा बरेच दिवस बघत होता. एक दिवस तो शेडाशी आला, डोक्याची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "बाई, तुमचा राग न्हाई मला. पण पोरगी दिवसभर उंबऱ्यावर बसून राहिली तर काय शिकणार? माझ्या घरात बाईमाणूस न्हाई. बिलोलीला बहीण हाय, ती म्हणती पाठवून दे, म्हशीमागं तरी जाईल. संक्रांत झाली की नेऊन घालतो."

"अहो, सात वर्षांची पोर! म्हशीमागं घालता?"

"आत बसली तर ऱ्हाऊ दे की. माझं कुठं काय म्हणणं हाय? पण बसत न्हाई ना."

तेव्हापासून साबेराला दुसरं काही सुचेना. घरी जेवताना, एसटीत उभी असताना, एकच. ही पोर आत आली पाहिजे. आत आली की शाळेत राहील, शाळेत राहिली की बापाजवळ राहील. खाजामियाँना तिनं विचारलं, "अब्बा, रूठे हुए को अंदर कैसे बुलाना?" म्हातारा कात्रीवरून नजर न काढता म्हणाला, "अंदर उसका कुछ रख दे."

दुसऱ्या दिवशी ती पतंगी कागदाचा गठ्ठा घेऊन आली. सगळ्यांनी चिमण्या करायच्या. घडी घाल, पंख मोड, पोटात दोरा ओव. सिंधुनं उंबऱ्यावर बसून पिवळी चिमणी केली, आणि सगळ्यांत सुबक तिचीच झाली. साबेरानं स्टुलावर चढून सगळ्या चिमण्या पत्र्याखालच्या बांबूंना टांगल्या. सिंधुची मात्र मुद्दाम पार आतल्या कोपऱ्यात टांगली, कपाटाच्या आडोशाला, म्हणजे दारातून दिसू नये आणि बघायची तर आत यावं लागेल.

"माझी कुठं हाय?" सिंधुनं विचारलं.

"आत आहे. ये, भेटून जा."

पोर उंबऱ्यावर उभी राहिली. तिनं वर पत्र्याकडं बघितलं.

"हालली तर?"

"हालली तर पळ," साबेरा हसून म्हणाली, "न्हाई हालली तर बस."

आणि सिंधु आत आली! एकेक पाऊल टाकत, नजर वर. कोपऱ्यात जाऊन चिमणीखाली बसली. साबेराला वाटलं, आपण जिंकलो. तिनं पाठ फिरवून डोळे पुसले आणि फळ्यावर काहीतरी लिहीत राहिली.

त्यानंतर सिंधु रोज आली, रोज कोपऱ्यात बसली, आणि हळूहळू पाटीवर लिहायला लागली. ग्यानोबानं एकदा लांबूनच बघितलं आणि बिलोलीचं नाव काढणं बंद केलं. पोरं सारखी वर बघायची. सुदर्शन नावाचा एक बोलका पोरगा रोज सकाळी आल्या आल्या सांगायचा, "बाई, चिमण्या आज गुमान हायत." साबेराला कौतुक वाटायचं. कागदाच्या चिमण्यांवर एवढा जीव! आपल्या हातात काय जादू आहे, असंही मनात येऊन गेलं असेल. का येऊ नये? पण ती संध्याकाळच्या एसटीनं निलंग्याला जाणारी. हरणवाडीच्या शेडांत पोरं झोपतात कशी, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

संक्रांत सरली आणि जिल्ह्याहून मोठे साहेब आले, बरोबर फोटोवाला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, हरणवाडीचा पत्र्याचा वर्ग बघण्यासारखा आहे. साहेब, सरपंच, गावातली माणसं दारात गर्दी करून उभी राहिली. माळावर वारं सुटलं होतं. दारातून एक झोत आत शिरला आणि पुढच्या सगळ्या चिमण्या एकदम नाचायला लागल्या.

"हाललं!" सुदर्शन किंचाळला. "हाललं, हाललं!"

पोरं उठली ती दाराकडं सुटली. दारात माणसं. माणसांना वाटलं खरंच भूकंप झाला, त्यांनीही ढकलाढकल केली, काही बाहेर पळाली, काही पोरांना ओढायला आत घुसली. कपाट आडवं झालं. धूळ खाली बसली तेव्हा वर्ग रिकामा होता, आणि कोपऱ्यात कपाटाखाली सिंधु होती. पुन्हा तशीच, दबलेली, डोळे उघडे. डाव्या पायाचं हाड बाहेर आलं होतं.

दवाखान्यातून ग्यानोबाच्या शेडात निरोप द्यायला साबेरा गेली, तेव्हा तिनं पहिल्यांदा बघितलं. आढ्याला सुतळीनं बांधलेला एक दगड लोंबत होता. शेजारच्या शेडातही दगड. त्याच्या पलीकडच्या शेडात तांब्या. गावात एकही छप्पर असं नव्हतं, ज्याखाली काही टांगलेलं नव्हतं. माणसं त्याच्याकडं बघत जेवायची, त्याच्याकडं बघत अंग टाकायची. हाललं की पळायचं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, एका बाईला सोडून.

"ह्ये कशाला हो?" तरी तिनं विचारलंच.

"कशाला म्हंजे?" शेजारची पंचफुला म्हणाली. "तुम्ही न्हाई का शाळेत चिमण्या टांगल्या? आम्ही म्हणलं, बाईला कळतंय समदं."

साबेरा तिथून उठली, वर्गात गेली आणि सगळ्या चिमण्या तोडून बाहेरच्या चुलीत घातल्या. पिवळी तेवढी सापडली नाही.

पाय वाकडाच जुळला. ग्यानोबा एक शब्द वाकडा बोलला नाही. लंगडती पोर एसटीत बसवली आणि बिलोलीला नेऊन घातली. साबेरानं पुढं तीन गावांत नोकरी केली. भिंती रंगवल्या, जमिनीवर आकड्यांची सापशिडी काढली, बाहुल्यांची लग्नं लावली. तिचा वर्ग बघायला लांबलांबून शिक्षक यायचे. पण आढ्याला, छताला, पंख्याला तिनं कधी एक दोरा बांधला नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "मान दुखते वर बघून." मनात मात्र एकच प्रश्न कुसळासारखा रुतून राहिला. सगळी पळाली. एकटी सिंधुच जागची कशी हलली नाही? भीतीनं गोठली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

ती निवृत्त झाली तोवर लातूर ओळखू येईनासं झालं होतं. भिंतीभिंतीवर पोरांचे चेहरे आणि त्याखाली मार्क. लोह्याची, नांदेडची, बीडची पोरं खोल्या करून राहिलेली, खांद्यावर पोत्याएवढी दप्तरं. त्याच लातुरात सुदर्शननं तीन मजली क्लास उभा केला होता. आता त्यानं पहिलीच्या पोरांची बॅच काढली आणि गाडी पाठवून बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, डेकोरेशन तुम्हीच बघायचं. पहिलीपासून पाया पक्का केला की बारावीला पोरगं हालत न्हाई बघा."

"पहिलीच्या पोराला बारावी कशाला रे मेल्या?"

"पालकच मागायलेत. मी काय करू?" सुदर्शन हसला. पण हसताना त्यानं छताकडं बघितलं, ही सवय त्याची गेली नव्हती.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर, थंडगार, खिडक्या बंद. साबेरा दारात आली आणि थबकली. दुकानातून आणलेल्या रंगीत चिमण्या छताला टांगलेल्या होत्या, आणि एसीच्या वाऱ्यानं संथ झुलत होत्या. खाली एक बाई फरशी पुसत होती. पुसता पुसता पुढं सरकली, तेव्हा तिचा डावा पाय मागं फरफटला.

"सिंधु?"

बाईनं वर बघितलं. केस पिकायला लागलेले, कपाळ रिकामं. "आगं बया, बाई का! कवा आलाव?" तिनं पदरानं हात पुसले आणि पाया पडली. बिलोलीची आत्या गेली, नवरा गेला, मग ती लातूरला मेसमध्ये पोळ्या लाटायला आली, तिथून सुदर्शननं इथं घेतलं. गाववाली म्हणून घेतलं की आणखी कशानं, त्याचं त्यालाच ठाऊक. "अक्षर न्हाई टिकलं बाई. पण हितं बरं हाय. सावलीत हाय."

चौतीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत जिला एका वर्गात आणायला तिनं जिवाचं रान केलं, ती आज वर्गात होती, हातात फडकं घेऊन. तिनं सिंधुचा हात धरला, तिला एका छोट्या बाकावर बसवलं आणि स्वतः समोर बसली.

"सिंधु, एक विचारू? त्या दिवशी सगळी पळाली. तू का पळाली न्हाईस गं?"

सिंधुला नवलच वाटलं. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्यानंच प्रश्न विचारावा, तसं तिनं बाईकडं बघितलं.

"असं काय करताव बाई? तुमीच म्हणला व्हता की. हालली तर पळ, न्हाई हालली तर बस." तिनं छताकडं बोट केलं, मग कोपऱ्याकडं. "समद्यांच्या हालल्या. माझी कपाटाआड व्हती, तिथं वारंच न्हाई. मी बघत व्हते की तिच्याकडं. माझी हाललीच न्हाई."

साबेरानं तोंडावर हात घेतला. हे वाक्य आपण बोललो होतो, हे तिला त्या क्षणापर्यंत आठवलंसुद्धा नव्हतं.

"रडू नका वो," सिंधु म्हणाली, "तुमचं ऐकलं म्हणून कुणी रागावतंय व्हय?" आणि फडकं बादलीत पिळून ती उरलेली फरशी पुसायला लागली, कारण संध्याकाळी पोरं येणार होती.