कोलंबोचा पुरता कप

माझं लग्न कसं जमलं, हा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो. तेवढ्यात बायको सुरुवात करते, आणि तिच्या तोंडून ऐकलंत तर मी आहे त्याच्या दुप्पट बावळट वाटेन. तेव्हा बसा, चहा येतोय, यावेळी माझ्याच तोंडून ऐका!

हैदराबादची पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी औरंगाबादला तहसिलीत कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो. मामांनी गारखेड्याचं स्थळ आणलं. तेव्हाचा गारखेडा म्हणजे खरोखरचं खेडं, चारी बाजूंना ज्वारी. मुलीचे वडील अप्पासाहेब मोठे जमीनदार, पण त्यांना जमिनीपेक्षा अभिमान कशाचा? उजव्या पायाच्या अंगठ्याचा!

तो अंगठा पार आडवा झाला होता. तरुणपणी छावणीच्या मैदानावर अप्पा गोऱ्या सोल्जरांविरुद्ध अनवाणी फुटबॉल खेळले होते. समोर खिळ्यांचे बूट आणि इकडं नुसतं पाऊल. आल्यागेल्याला ते आधी पाणी देत आणि मग अंगठा दाखवत. हसू नका. साठीचा तो माणूस शेताच्या बांधावरून इतका हलका चालायचा, की वाटावं आत्ता कुणाला तरी चकवून पुढं निघेल. मला ते पहिल्याच भेटीत सासरे म्हणून आवडून गेले. मुलगी शकुंतला तर त्याच्याही आधी आवडली होती.

अप्पांनी पगार विचारला नाही, कूळ विचारलं नाही. विचारलं काय, तर, "फुटबॉल खेळलाव का कधी?"

हैदराबादला शिकत असताना मैदानाच्या कडेनं मी खानावळीत जेवायला जायचो, एवढाच माझा फुटबॉलशी संबंध. पण स्थळ हातचं जाईल या भीतीनं म्हणालो, "सेंटर हाफ होतो." हे शब्द माझ्या खोलीतल्या मित्राच्या तोंडी सारखे असायचे. हाफ कशाचा, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. अप्पा खुलले. शकुंतलेनं एकदाच वर पाहिलं आणि आत निघून गेली. मला वाटलं, छाप पडली!

पण होकार काही येईना.

त्याच सुमारास कोलंबोला चार शेजाऱ्यांची फुटबॉल स्पर्धा भरली. आपण, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन. मोजकी वर्षं चालली आणि बंद पडली, आज कुणाच्या लक्षातही नाही. पण तेव्हा अप्पांना दुसरं काही सुचत नव्हतं, कारण आपली बरीच पोरं अजून बुटांशिवाय खेळत होती. कपासाठी आपली आणि पाकिस्तानची गाठ पडली. सामना ऐकायची सोय कुठली? निकाल तेवढा रेडिओच्या बातम्यांत यायचा, आणि रेडिओ होता औरंगपुऱ्यात करीमचाचांच्या हॉटेलात. अप्पा मला तहसिलीतून उचलूनच तिकडं घेऊन गेले. म्हणाले, जाणता माणूस संगं पाहिजे.

जाणता माणूस!

हॉटेल खचाखच भरलेलं. आम्हाला बाहेरचं बाकडं मिळालं. आत रेडिओला कान लावून भालेराव नावाचे वकिलाचे कारकून उभे होते. इंग्रजी बातमी ऐकायची आणि बाहेरच्यांना मराठीत ओरडून सांगायची, हे त्यांचं काम. अप्पा हात जोडून डोळे मिटून बसले होते. मला धास्ती सामन्याची नव्हती, अप्पांच्या प्रश्नांची होती. म्हणून ठरवलं, यांना पाहुणचारात गुंतवून ठेवावं. मी दोन चहा सांगितले. वेटर म्हणाला की दूध संपत आलंय, जमतंय का बघतो. मी त्याची वाट बघत बसलो.

आणि आतून भालेरावांचा आवाज आला, "कप दोघांत!"

आता तुम्हीच सांगा, मी काय समजावं? दूध संपलंय, एकच कप उरलाय, तो दोघांत घ्या! दोस्ताबरोबर एकानं कपात आणि एकानं बशीत घेणं ठीक आहे हो. पण होणाऱ्या सासऱ्याला? गारखेड्यात काय सांगतील, जावयानं अर्ध्या चहावर बोळवण केली म्हणून? मी ताडकन बाकड्यावर चढलो आणि ओरडलो, "दोघांत कशाला? आमाला पुरता कप पायजे!"

गर्दीनं माझ्याकडं वळून पाहिलं. मग एकानं टोपी उडवली, म्हणाला, बरोबर बोलला, पुरा कप आपलाच! पाठोपाठ आणखी चौघे ओरडले. पलीकडून कुणीतरी विचारलं, जिंकले नाहीत तर पुरा कसा? आवाज चढले. त्या दिवसांत गल्लीत आवाज चढले की दंग्याच्या भीतीनं दुकानांच्या फळ्या लागायला लागायच्या. समोरच्या कापडवाल्यानं एक लावलीसुद्धा.

करीमचाचा लगबगीनं बाहेर आले. "मियाँ, एक भी गोल नै हुआ. पूरा कप कायका?"

मला वाटलं, बिस्किटांचं बोलतायत. मी म्हणालो, "गोल नसतील तर चौकोनी द्या, चाचा. पण कप पुरता!"

तेवढ्यात अप्पा उठले. आवाज न चढवता म्हणाले, "त्यांनी गोल खाल्ला नाय, आपल्या पोरांनीबी नाय. तोलामोलाचे हायत. कप दोघांत, हेच रास्त हाय." बस, एवढंच. ओरडणारे खाली बघायला लागले. चाचांनी अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. कापडवाल्यानं फळी काढली. त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की वाटलं, मुलगी नाही दिली तरी चालेल, पण यांना अर्धा चहा मी पिऊ देणार नाही.

अप्पा आपला कप कुणा उपाशी गिऱ्हाइकाबरोबर वाटून घ्यायला निघालेत असं समजून मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही संकोच करू नका. त्या दुसऱ्यालाबी मी वेगळा पुरता कप सांगतो. पैसे माझे."

भालेरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "कुणाला? पाकिस्तानला?"

सगळा औरंगपुरा हसला हो! मघाशी एकमेकांवर ओरडणारे एकमेकांच्या खांद्यावर पडून हसले. आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. मी बाकड्यावरून उतरलो. स्थळ गेलं, हे नक्की होतं.

अप्पांनी मला शेजारी बसवलं. "सेंटर हाफ कुठं उभा ऱ्हातो, दिनकरराव?"

"ठाऊक नाय, अप्पा," मी म्हणालो. "मी कधी चेंडूला पाय लावला नाय. तुम्ही नाय म्हणाल म्हणून बोललो."

अप्पा ठसका लागेपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "आवो, मी तर व्हयच म्हणत होतो. नाय म्हणली ती पोरगी! म्हणली, एका फुटबॉलवाल्याला जन्मभर सोसलं, आता दुसरा नको. तुमाला सांगावं कसं, ह्याच इचारात होतो. आता सांगतो तिला, ह्याला गोल अन् बिस्कीट एकच हाय."

चारच दिवसांत गारखेड्याहून होकार आला. आज इतकी वर्षं झाली संसाराला. कुणी पाहुणा माझ्या हुशारीचं कौतुक करायला लागला, की शकुंतला शांतपणे म्हणते, "ते तुमचं बरोबर असंल. पण मी हुशार म्हणून नाय केलं ह्यांना."