बोलपटातली बाई नाही म्हणाली

दासगावच्या बंदरात भरतीचं पाणी चढत होतं. बाबा गुडघाभर चिखलात उतरले, माझं गाठोडं होडीत ठेवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मान खाली घालून ऱ्हा. बोलावलं की ये." आई बंदरावर आलीच नव्हती. वरंधच्या घरातूनच तिने मला निरोप दिला होता.

नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं, पदरी मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता, त्याने ग्रँट रोडला एका म्हाताऱ्या पारशी बाईंकडे माझ्यासाठी घरकाम बघून ठेवलं होतं. होडी सुटली, सावित्रीचे काठ मागे सरकू लागले. बरोबरच्या बाया डोळे पुसत होत्या. मला मात्र बाणकोटला कधी पोचतो आणि आगबोट कधी दिसते असं झालं होतं. त्या अधीरपणाची मला तेव्हाही लाज वाटली.

तुमच्यातले काही वरंधला राहिलात, काही माझ्यासारखे मुंबईला आलात; दोघांनाही हे सांगते आहे. माझ्याबद्दल गावात अजून नाही नाही ते बोललं जातं, म्हणून.

त्या पारशी बाईसाहेबांचे गुडघे दुखायचे, पण इंग्रजी पुस्तकं आणि इंग्रजी बोलपट यांच्यावाचून त्यांना करमायचं नाही. जुन्या कादंबरीवरून काढलेला बोलपट फोर्टात लागला की व्हिक्टोरिया घोडागाडी बोलवायच्या. जिने चढायला आधार हवा म्हणून मी बरोबर. पहिल्यांदा मी मखमलीच्या खुर्चीशेजारी खालीच बसायला गेले, तर त्यांनी हाताला धरून वर बसवलं. गोष्ट त्या गाडीतच आपल्या पारशी मराठीत सांगून टाकायच्या, म्हणजे आत मला नुसतं बघायचं राहायचं. घेरदार झगे, घोड्यांच्या बग्ग्या, मेणबत्त्यांच्या उजेडातले नाच. मला ते सगळं कचकड्याचं वाटायचं.

पण एका बोलपटात डोंगर होते. धुकं, वाऱ्याने झोपलेलं गवत. वरंधच्या घाटात श्रावणात दिसतं तसं. त्या डोंगरातल्या एका पाद्र्याची मुलगी, आणि तिला मागणी घालणारा वयस्कर जमीनदार. सगळे जेवायच्या मेजाभोवती बसलेले. बाप हसून काहीतरी विचारतो. मुलगी चमचा खाली ठेवते आणि म्हणते, "नो."

इंग्रजीतला तेवढाच शब्द मला समजला. आता बाप उठेल, तिला मारेल, म्हणून मी पदर तोंडाशी धरला. कोणी उठलं नाही. बापाचा चेहरा उतरला, एवढंच. पुढे ती कोणाशी लग्न करते, कशी करते, ते आता आठवतही नाही.

परतताना मी विचारलं, हे लिहिलं कोणी. बाईसाहेब म्हणाल्या, "एक बाई होती. लगीन नाही केला. बापाच्या घरात एका कोपऱ्यात बसून लिवला."

त्यानंतर माझं कशात चित्त लागेना. भांडी घासताना हात थांबायचे. संध्याकाळी काम आटपलं की उगाच चौपाटीपर्यंत चालत जायचे आणि तशीच परत यायचे. बाईसाहेब विचारायच्या, काय हरवलं. मी पुन्हा भांडी घासायला घ्यायचे.

शिमग्याच्या तोंडावर गावाकडचा माणूस बाबांचा निरोप घेऊन आला. पोलादपूरच्या एका बिजवराशी माझा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, ठरवला होता. त्याची मुलं माझ्याहून थोडीच लहान. मी निघाले. बोटीत रात्रभर मनाशी शब्द जुळवत होते, घरी पोचेपर्यंत त्यातला एकही उरला नाही.

पालखी नाचवून माणसं घरोघर गेली होती. बाबा पडवीत तंबाखू मळत बसले होते, आई उंबऱ्यात. बाबांनी पाटाचा दिवस सांगितला. माझी मान खालीच होती.

"बाबा, मला पाट करायचा नाय."

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मग अंगणाकडे तोंड फिरवलं.

"ह्ये कोनी शिकवलं गो तुला?"

"कोनी नाय."

त्यांनी मळलेली तंबाखू अंगणात झटकून टाकली. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. शेवटी म्हणाले, "मंग मुंबयचीच हो." आणि उठून गोठ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच महाडपर्यंत चालत आले.

पुढे बाईसाहेब वारल्या. मी परळला दोन खोल्या घेऊन खानावळ घातली. महाड-पोलादपूरकडचे गिरणीवाले जेवायला यायचे. नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी, कुळथाचं पिठलं. त्यांच्याकडून घरचं कळायचं. बाबांना दिसत नाही, बाबांनी बैल विकला. माझं नाव मात्र बाबा काढत नाहीत, हेही कळायचं.

कितीतरी शिमगे गेले. एके दुपारी भाऊ कोणाला तरी हाताला धरून आत घेऊन आला. डोळे दाखवायला बाबा मुंबईला आले होते. मी पाट मांडला, "बसा" म्हटलं आणि पान वाढलं. गिरणीवाल्यांच्या पंगतीत ते खाली मान घालून जेवले. एक भाकरी मागून घेतली. हात धुऊन दारापाशी गेले, भिंत चाचपली आणि माझ्या आवाजाच्या दिशेने म्हणाले, "येतो गो."

'जातो' म्हणाले असते तर पुन्हा यायचे नाहीत असं मी धरलं असतं.

त्या दिवशी मला खोलीत बसवेना. पार डॉकपर्यंत चालत गेले, बोटी बघत उभी राहिले. आता वर्षातून एकदा वरंधला जाते. तिथे चार दिवसांत परळच्या चुली आठवतात, इथे आले की घाटातला वारा. कुठेच नीट टेकत नाही मी, आणि आता ते मला खुपतही नाही. निघताना आईबाबांच्या पाया पडते आणि 'येते' म्हणते. इथून निघताना जेवणाऱ्या मंडळींनाही 'येते'च म्हणते. दोन्हीकडे खरंच बोलत असते.